अकरा नंबरचा खडक

५ जानेवारी, सोमवार

प्रगती काल किनाऱ्यावरून परतली. पौर्णिमेची मोठी ओहोटी साधून चार दिवस राहिली होती. संरक्षित पट्ट्यातली अकराच्या अकरा ठिकाणं केली. हातावर कालवांच्या धारेचे ओरखडे, नाक सोललेलं, पण चेहरा पेपर सोपा गेल्यासारखा. लोणी काळभोरची पोर. बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. आता त्या खडकांवर माझ्यापेक्षा सराईत चालते.

दुपारी मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाली, "ताई, दहाला भरपूर आहेत. अकराला एकही नाही."

"काय एकही नाही?"

"लालडोळी."

लालडोळी हे आमचं घरगुती नाव. तांदळाच्या दाण्याहून लहान, कोळंबीचे लांबचे भाऊबंद, समुद्रशेवाळात राहतात. शास्त्रीय नाव घेताना सरांचीही जीभ अडखळते.

"परत बघ," म्हटलं.

एवढंच म्हटलं.

७ जानेवारी, बुधवार

लिहून काढते. निदान इथे.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. त्या खेपेला मी एकटी, सोबत फक्त दाजी. दाजी म्हणजे होडीवाले, सगळं गाव त्यांना दाजीच म्हणतं. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दहा ठिकाणं झाली होती. अकरावं म्हणजे सगळ्यांत बाहेरचा खडक. मोठ्या ओहोटीलाच उघडा पडतो, तोही तासभर. पाणी उचललं होतं. होडीत मला दोनदा उलटी झाली. दाजी म्हणाले, जरा थांबूया, वारा पडला की नेतो. मी घड्याळ पाहिलं. पुण्याची एसटी साडेअकराला. ती चुकली तर आणखी एक मुक्काम.

एवढंच कारण. घरी कुणी आजारी नव्हतं, कुणाची परीक्षा नव्हती. अंगाला खारा वास येत होता आणि मला माझ्या न्हाणीघरात आंघोळ करायची होती.

"राहू दे दाजी. बास."

धक्क्यावर आलो. दाजी होडी बांधायला गेले. मी पायरीवर बसले. पुढ्यात दहा नंबरची बाटली, भरलेली. शेजारी अकराची, रिकामी. तिचं लेबल आदल्या संध्याकाळीच पेन्सिलीने लिहून ठेवलेलं. ठिकाण, तारीख, माझी सही. दहाची बाटली हलवली आणि निम्मी अकरात ओतली. लेबल आत सोडलं. वर स्पिरिट. मिनिटभराचं काम. एसटीत गाढ झोपले.

पुण्यात आल्यावर मोजलं मात्र अगदी नीट. एकेक जीव चिमट्याने बाजूला करून. खोटं इतक्या काळजीने कुणी मोजलं नसेल.

मग नकाशा झाला. अख्ख्या पट्ट्यात लालडोळीचे दोनच ठिपके. दहा आणि अकरा. सरांनी तो मोठा करून प्रयोगशाळेच्या दारासमोर लावला. रोज त्याच्यासमोरून आत जाते.

९ जानेवारी, शुक्र.

प्र. तिसऱ्यांदा सगळं चाळतेय. लालडोळीची खूण म्हणजे दुसऱ्या नांगीच्या तळव्यावरची बारीक खाच. "ताई, मला खाच दिसत नाहीये की खाच नाहीच आहे, हेच कळेनासं झालंय."

तिचे डोळे लाल. जागरणाने असतील असं मी स्वतःला सांगितलं.

१२ जानेवारी, सोमवार

आज तिने माझ्या जुन्या बाटल्या मागितल्या. "तुम्ही अकराला पाहिलेली लालडोळी बघते एकदा. माझं कुठे चुकतंय ते कळेल."

नाही कशी म्हणणार? कपाटाची किल्ली दिली. मी माझ्या टेबलाशी बसून एक ओळ तासभर वाचत होते.

तासाभराने ती आली. हातात दोन बशा. "ताई, गंमत बघा. दहाच्या बाटलीत निळ्या नायलॉनचे तुकडे आहेत, जाळ्याचे असावेत. अकराच्या बाटलीतही तेच. शेवाळही सेम. शंखसुद्धा सेम."

ती संशयाने विचारत नव्हती. तिला खरंच गंमत वाटत होती. तेव्हाच सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणाले, "जवळजवळची ठिकाणं आहेत. मधून प्रवाह जातो."

"अच्छा," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. प्रवाह.

पहिल्या वेळी निदान उलट्या झाल्या होत्या. हे मी कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसून, हातात चहाचा कप धरून बोलले.

१६ जानेवारी, शुक्र.

बर्वे सरांनी दोघींना बोलावलं. प्रकल्प त्यांचा, मी त्यांच्या हाताखाली करारावर, प्र. माझ्या हाताखाली. प्र. घाबरत घाबरत म्हणाली, "सर, अकराला मिळत नाहीये. माझीच ओळखण्यात चूक असेल."

सर आधी नकाशाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. "अहो, चूक कसली? दोन वर्षांपूर्वी होते, आज नाहीत. घट! हीच तर बातमी आहे." मग माझ्याकडे वळून, "काय अनघाबाई, तुमचं काय मत?"

मी म्हणाले, "एका फेरीवरून सांगणं घाईचं होईल."

"घाईचं तर घाईचं. प्राथमिक निष्कर्ष म्हणून कळवू या संरक्षित पट्ट्याच्या कार्यालयाला."

प्र.चा चेहरा. दहा दिवस जी स्वतःला मूर्ख समजत होती, तिला एकदम शोध लागला होता. बाहेर येऊन तिने माझा हात धरला.

संध्याकाळी तिचे वडील मोटरसायकलवरून आले. मेथीच्या चार जुड्या, ऊस. सिक्युरिटीवाल्याने आत सोडलं नाही म्हणून मीच गेटवर गेले. "आमच्या पोरीचं नाव छापून येनार हाय म्हनं. मॅडम, तुमी लई शिकवलं तिला."

मेथी घरी नवऱ्याने, मिलिंदने निवडली. मी हात लावला नाही.

२८ जानेवारी, बुध.

किनाऱ्यावरच्या कार्यालयाचं पत्र, सरांकडे. प्राथमिक अहवालाची दखल घेऊन बाहेरच्या खडकावर कालवं काढायला एक फेब्रुवारीपासून बंदी. कारण : 'मानवी हस्तक्षेपामुळे दुर्मीळ सूक्ष्म कवचधारी जीवांची घट.'

मानवी हस्तक्षेप म्हणजे त्या बायका. तिथल्या वीसेक जणी ओहोटीला खडकावर जातात, कोयतीने कालवं फोडतात, डब्यात गर भरून बाजारात नेतात. दाजींची बायकोही त्यात. त्या माउलीने मला दरवेळी पेज-भात घातलाय.

सर खूश. "बघा. आपल्या कामाचा असा थेट उपयोग कधी झालाय?"

हस्तक्षेप झालाय हे खरं. माणसाने केलाय हेही खरं.

३० जानेवारी, शुक्र.

दाजींचा फोन. आधी चौकशी, पाऊस-पाणी, मिलिंद कसे आहेत. मग, "मॅडम, ह्यो अकरा नंबर म्हणजे भायलो खडक?"

"हो दाजी."

"पण थंय आपण गेलवच नाय मा? तुमका उलटी झाली, आपण परत इलव."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही. पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश. मग स्वतःच म्हणाले, "नंबरात कोणाचो तरी घोळ झालो आसतलो. हापिसातल्या पोरांका काय कळता? तुमी जरा बघा. तुमी कितक्या बारीक बघतास ता माका म्हायत आसा."

"बघते," म्हणाले.

माणूस मला वाचवायला निघाला होता. माझ्यापासूनच.

१ फेब्रुवारी, रविवार

आजपासून बंदी.

दुकान बंद, मिलिंद घरी. दोघं मटार सोलत बसलो होतो. खाली कसब्यातल्या गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू होत नाही म्हणून वीस मिनिटं लाथा मारत होतं. त्या आवाजात सांगून टाकलं.

त्याने शेंग हातातच धरली. "म्हणजे न मोजता लिहिलंस."

"मोजलं. पण तिथलं नाही."

"ते जास्त वाईट आहे."

हो.

थोड्या वेळाने, "त्या नकाशाचा फोटो मी दुकानात येईल त्याला दाखवलाय अनघा. गाइड घ्यायला आलेल्या पोरांनासुद्धा." बुधवार पेठेत त्याचं पुस्तकांचं दुकान. शाळेची पुस्तकं, गाइडं. भिंतीवर कुणाचाही फोटो लावत नाही, पण फोनमध्ये माझा नकाशा.

मी म्हटलं, "काय करू?"

"मला का विचारतेस? मी ना कालवं काढतो, ना पीएचडी करतोय. चुकीच्या माणसाला सांगतेयस."

मटार सोलून झाले. त्याने टरफलं उचलली, ओटा पुसला. भांडला असता तर बरं झालं असतं.

६ फेब्रुवारी, शुक्र.

सरांना सांगायचं ठरवून गेले. चहा पिऊन आले.

९ फेब्रु.

प्र.चा निबंध परिषदेत स्वीकारला गेला. तिने पेढे वाटले. मला दोन दिले, एक घरी न्यायला. शीर्षकात 'घट' हा शब्द आहे.

घरचा पेढा पर्समध्ये आहे अजून.

११ फेब्रुवारी, बुध.

सांगितलं. प्रगतीला. आधी सरांना नाही, तिला.

जेवणाच्या सुट्टीत. सगळे कँटीनला गेले होते. ती डबा उघडत होती. म्हटलं, "प्रगती, अकराला मी कधी गेलेच नव्हते."

तिला वाटलं मी यंदाचं बोलतेय. "हो ना, या वेळी मीच गेले होते."

"तेव्हा. दोन वर्षांपूर्वी. दहाची बाटली निम्मी करून अकरात ओतली मी. लालडोळी तिथे होती का नव्हती, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

तिने डब्याचं झाकण परत लावलं. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"निळा धागा," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही प्रवाह म्हणालात."

"हो."

"मी वहीत लिहिलं ते." मग आवाज चढला. "दहा दिवस मी रोज रूमवर जाऊन रडत होते. मला वाटलं मला येतच नाही हे काम. पप्पांना फोन करून म्हटलं होतं, सोडते, परत येते शेतावर. आणि तुम्ही समोर बसून बघत होता मला?"

बघत होते. 'परत बघ' म्हणत होते.

"कारण काय होतं?"

खरं सांगितलं. उलटी. एसटी. आंघोळ.

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी मोठं कारण लपवतेय आणि ते अजून बाहेर यायचंय. आणखी काहीच नाही हे पटल्यावर तिने डबा पिशवीत घातला.

"सरांना तुम्ही सांगणार की मी सांगू, मॅडम?"

मॅडम.

१२ फेब्रुवारी, गुरु.

सरांना सांगितलं. दार लावून घ्या म्हणाले. मग खिडकीपाशी उभे राहिले, पाठ माझ्याकडे.

"पट्टीचं काम करता हो तुम्ही. बावीस वर्षं बघतोय. एका खडकासाठी?"

"हो सर."

"आणि आता सांगायचं सुचलं. अहवाल गेल्यावर, बंदी आल्यावर, मुलीचा निबंध स्वीकारला गेल्यावर. वेळेची निवड अचूक आहे तुमची."

मी ऐकून घेतलं.

मग ते बसले, कागद ओढला, आवाज खाली आणला. "असं करू. बाटलीला चुकीचं लेबल लागलं. माणसाच्या हातून होतं. मी तसं कळवतो, विषय संपेल."

"लागलं नाही सर. लावलं."

"अहो, एका अक्षराचा तर फरक आहे."

"तेवढाच आहे."

ते चिडले. संस्थेचं नाव, पुढच्या वर्षीचा प्रकल्प, बाकीच्या पोरांचे पगार, सगळं काढलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुम्हाला मन हलकं करायचंय. भार आम्ही उचलायचा."

हे बोलणं घरापर्यंत माझ्यासोबत आलं. त्यात तथ्य आहे म्हणून.

१४ फेब्रुवारी, शनि.

कार्यालयाला पत्र. पहिला मसुदा वाचला तर 'मी' कुठेच नाही. 'नमुना घेतला गेला नाही', 'बाटली विभागली गेली'. जसं काही आपोआप. सगळं खोडलं. मी घेतला नाही. मी ओतली. मी लिहिलं. मी त्यानंतर विचारलं गेल्यावरही खोटं बोलले.

मिलिंदने वाचलं. एक वेलांटी दुरुस्त केली. "पाठव," म्हणाला.

त्यांना पाठवलं. प्रत सरांना, प्रत प्र.ला.

२० फेब्रुवारी, शुक्र.

किनारा. रजा टाकून आले. काल रात्रीची गाडी, सकाळी साडेसहाला उतरले. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, पाणी पार आत गेलं होतं. कालवांचे खडक उघडे, काळे, ओले. त्यांच्यावर कुणी नाही. बायका वाळूत बसलेल्या. सवयीने आल्या होत्या, डबे-कोयत्या घरी ठेवून.

दाजी धक्क्यावर भेटले. मी तिथेच सांगितलं. घोळ कुणाचा नव्हता, मीच केलं.

ते समुद्राकडे बघत राहिले. "मी थांबूया म्हटलेलंय तुमका."

"हो दाजी."

"अर्ध्या तासान वारो पडलो त्या दिवशी. मी बघितलंय."

हे मला माहीत नव्हतं. अर्धा तास. एसटी मिळाली असती.

वहिनींना, म्हणजे दाजींच्या बायकोला, त्यांनीच हाक मारली. बाकीच्या पाच-सहा जणी मागोमाग आल्या. पुन्हा सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं. खालमानेने सांगणार होते, पण वहिनी वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मान वर करावी लागली.

"म्हणजे तुमच्या कागदार जा होता, ता थंय नव्हताच?"

"असेल किंवा नसेल. मी बघितलंच नाही."

"आणि आमच्यामुळे मेला म्हणान लिवलास?"

"मी तसं लिहिलं नाही. पण माझ्यामुळे तसं लिहिलं गेलं."

त्यांना हा फरक समजला आणि त्यांनी तो बाजूला सारला. बरोबर केलं.

एक तरुण बाई, कडेवर मूल, म्हणाली, कार्यालयातला माणूस दापोलीपासून सगळीकडे सांगत फिरतो, इथल्या बायकांनी समुद्र ओरबाडला. तिच्या नणंदेच्या सासरीसुद्धा ते पोचलं. "माझी आजी ह्याच खडकार जाय. तिका कोण विचारूक येवक नाय, आमी विचारलव तर हापिसात बसूक खुर्ची नाय."

पत्राची प्रत दिली. वहिनींनी ती घडी घालून कमरेला खोचली, वाचली नाही.

दाजी म्हणाले, "चला. आता ओहोटी आसा. नेतंय तुमका भायल्या खडकार. बघा काय ता एकदाचा."

खडक समोर दिसत होता. दहा मिनिटांवर. पाणी सपाट. जावंसं खूप वाटलं.

"नको दाजी. मी बघून उपयोग नाही. माझ्या सांगण्यावर आता कुणी विश्वास ठेवायचा नाही."

'असं कसं म्हणता' असं दाजी म्हणाले नाहीत.

वहिनींनी पेज दिली. नेहमीसारखी. ती घशाखाली उतरवणं ही आजची सगळ्यांत मोठी शिक्षा, आणि त्यांनी ती शिक्षा म्हणून दिलेली नव्हती.

२७ फेब्रुवारी, शुक्र.

संस्थेची समिती. तीन माणसं, एक टेबल, पाण्याची बाटली. पाऊण तास. करार मार्चअखेर संपतो, नवा करायचा की नाही ते 'विचाराधीन'. माझ्या आधीच्या सगळ्या नोंदी तपासणार. सगळ्या. बावीस वर्षांच्या. बाकी कुठे असं केलंय का, विचारलं. नाही म्हणाले. खरं आहे. पण मी म्हणतेय म्हणून ते खरं मानायचं कुणी कशाला?

नकाशा काढलाय. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग.

कार्यालयाचं उत्तरही आलं. पत्राची नोंद घेतली. नव्या पाहणीचा अहवाल येईपर्यंत बंदी कायम.

मिलिंद म्हणाला, "मिळाले तर 'दुर्मीळ' म्हणून बंद ठेवतील, नाही मिळाले तर 'घटले' म्हणून. उघडण्यासाठी काय मिळायला हवं ते विचार एकदा."

विचारणारं पत्र लिहिलं. उत्तर नाही.

५ मार्च, गुरु.

प्र.ने निबंध मागे घेतला. स्वतःच. कारण एका ओळीत : आधीची नोंद विश्वासार्ह नाही. माझं नाव घातलं नाही. घातलं असतं तर चाललं असतं, असा निरोप पाठवला. उत्तर आलं, "तुमच्यासाठी नाही वगळलं. वाक्य लांब होत होतं."

पुण्याचं पाणी लागलं पोरीला.

घरी तिने अजून सांगितलेलं नाही, असं कँटीनमध्ये कळलं. वडील गावात सांगत फिरतायत म्हणे, एप्रिलमध्ये मुलगी परिषदेला जाणार.

१३ मार्च, शुक्र.

सरांनी बोलावलं. पाडव्याच्या ओहोटीला प्र. पुन्हा जाणार, सोबत संस्थेतले एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, साक्षीदार म्हणून. प्रत्येक ठिकाणी फोटो, वेळ, दोघांची सही. मी जायचं नाही. साहजिक.

"पण मोजणीला तुम्ही लागणार," सर म्हणाले. "या जातीची खाच नजरेने ओळखणारं पुण्यात दुसरं कुणी नाही, हे आमचं दुर्दैव. प्रगती आणि तुम्ही, स्वतंत्र मोजायचं. जुळलं तरच नोंद."

"प्रगती तयार आहे?"

"तिनेच सुचवलंय. आनंदाने नाही."

२४ मार्च, मंगळ.

प्र. परवा आली. पाडवा तिने त्या खडकावर केला. दाजींनी नेलं. बायकांनी वाळूतून बघितलं म्हणे, सगळ्या उभ्या राहून, पाणी परत चढेपर्यंत. वहिनींनी माझी चौकशी केली का, विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी दहाला मोजणी सुरू. दोन मायक्रोस्कोप, मधे एक खुर्ची रिकामी. प्राध्यापक दाराशी बसलेले, वर्तमानपत्र उघडून. अकराची बाटली प्र.ने माझ्यासमोर उघडली, सील दाखवून. मी बाटलीला हात लावायचा नाही, ती बशीत घालून देणार. दोघींनी आळीपाळीने तीच बशी बघायची, आकडा आपापल्या चिठ्ठीवर, शेवटी एकदम उघडायच्या.

मी आधी. कितीतरी प्रकार. आखूड, लांब, वेटोळं झालेले. स्पिरिटमध्ये सगळ्यांचा रंग जातो, लालडोळीचे डोळेसुद्धा पांढुरके होतात. उरते ती खाच. एकेकाला उलटवून बघत गेले. नाही. नाही. नाही. बशीच्या कडेला दोन पिल्लं. पूर्ण वाढ नाही. नांगीच्या तळव्यावर काहीतरी आहे. खाच म्हणावी तर अर्धवट, न म्हणावी तर आहेच. पिल्लांत ती उशिरा उमटते.

किती वेळ त्या दोघांकडे बघत होते कोण जाणे. हवंसं वाटत होतं का तिथे असणं? हो. खूप. बायकांसाठी की माझ्यासाठी, तेही ठरवता येईना. म्हणून पुन्हा पहिल्यापासून बघितलं, नको असल्यासारखं.

मग प्र.ने बघितलं. तास लागला तिला.

चिठ्ठ्या उघडल्या. तिच्या चिठ्ठीवर शून्य. माझ्या चिठ्ठीवर दोन, पुढे प्रश्नचिन्ह. बावीस वर्षांत मी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेलं नाही.

प्राध्यापकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "जुळत नाही म्हणजे?"

प्र. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुठले दोन? दाखवा."

मी चिमट्याच्या टोकाने फक्त बशीची कड दाखवली आणि खुर्चीवरून उठले. काय शोधायचं ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. ती बसली, भिंग बदललं, डोळा लावला.

पाच वाजत आलेत. प्राध्यापक दोनदा चहा पिऊन आले. मी खिडकीपाशी हे लिहितेय. ती अजून बघतेय.